‘असॉल्ट रायफल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या शस्त्रकायद्याच्या बातम्यांत ‘असॉल्ट रायफल’ला ‘हल्ला-रायफल’ म्हणावं की ‘लष्करी रायफल’? आणि ‘एआर-15’ मधलं ‘एआर’ म्हणजे तेच ना?

शेवटचं आधी. नाही. ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट रायफल. आर्मालाइट ही ती घडवणारी कंपनी.

‘असॉल्ट’ आलं जर्मनमधून. 1944 साली जर्मन सैन्यानं आपल्या नव्या रायफलीला ‘श्टुर्मगेव्हेअर’ नाव दिलं. श्टुर्म म्हणजे शत्रूच्या ठाण्यावर धावून जाणं, आपल्या जुन्या मराठीतला एल्गार. त्यापुढं ‘हल्ला’ सपक वाटतो. अशा रायफलीचा चाप दाबून धरला की गोळ्यांची फैर सुटते. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या एआर-15ला मात्र दर गोळीला चाप नव्यानं ओढावा लागतो, म्हणजे ती अर्धस्वयंचलित. म्हणून तिला ‘लष्करी रायफल’ म्हणणं चूक. सैन्याकडची तिची बहीण एम-16, आणि ती फैर झाडते.

‘असॉल्ट वेपन’ हा शब्द वेगळा, कायद्यातला. 1994च्या बंदीत (ती 2004 साली संपली) रायफलीची व्याख्या अशी होती: काढता-घालता येणारं मॅगझिन, आणि घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवायची सोय वगैरेंपैकी किमान दोन गोष्टी. म्हणजे व्याख्या बऱ्याच अंशी ठेवणीवरच बेतलेली. मी तरी ‘लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल’ असं लिहितो. लांबलचक आहे, पण ‘धाटणी’ इथं नेमका बसतो.

अशा रायफलींना कायद्याचं संरक्षण असू नये, हे माझं ठाम मत. 2022 साली टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या, त्या अशाच रायफलीनं. पण हे मत मी उघड वाक्यात मांडीन. बातमीतल्या नामात ते दडवलं, तर वाचकाला त्याच्याशी वाद घालायची संधीच उरत नाही.

आणखी एक शब्द कुणी विचारला नाही, पण मला तो जास्त खुपतो: ‘शस्त्र बाळगण्याचा हक्क’. हा हक्क देणाऱ्या अमेरिकेच्या 1791च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत क्रियापदं दोन आहेत, ‘कीप’ आणि ‘बेअर’. आपण दोन्ही एका ‘बाळगणे’त कोंबतो. 2008च्या हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश 5 विरुद्ध 4 असे विभागले, त्यात या ‘बेअर’चाही वाद होता. बहुमतानं अर्थ घेतला, शस्त्र सोबत घेऊन वावरणं. विरोधी मत म्हणत होतं, हा सैनिकी वाक्प्रचार आहे. आपण ‘शस्त्र हाती घेणं’ म्हणतो तसा. भाषांतरात ‘शस्त्रं ठेवणं आणि धारण करणं’ असं लिहावं. ‘धारण करणं’ दोन्हीकडे झुकतं, मूळ शब्दासारखंच.