डिस्टिलरीचा अहवाल वाचताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

कारखान्याच्या नव्या डिस्टिलरीचा प्रकल्प अहवाल तुझ्या टेबलावर आलाय, म्हणून हे पत्र. यंत्रांची पानं तू नीट वाचशीलच. मला काळजी आहे ती उत्पन्नाच्या तक्त्याची. त्यात बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा आजचा दर आणि आजचा नियम धरून पुढची दहा वर्षं मांडलेली असतात.

साखर आणि इथेनॉल यांचा ताळा आधी हाताने घाल. एक टन साखरेइतक्या रसातून साधारण 600 लिटर इथेनॉल निघतं. रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला 65.61 रुपये धरले, तर साखरेच्या किलोमागे 39.37 रुपये पडतात. साखर किलोला 36 रुपयांना जात असेल तर रस इथेनॉलकडे वळवणं परवडतं, 40 च्या वर गेली की साखरच केलेली बरी. पण पैसा हातात कधी येतो, तेही या ताळ्यात घे. साखर विकायला केंद्राचा महिन्याचा कोटा असतो. पोती गोदामात आणि व्याज डोक्यावर. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून सुमारे तीन आठवड्यांत येतात. इकडे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. त्यामुळे दर दोन रुपयांनी कमी दिसला तरी लवकर येणाऱ्या पैशाचं मोल मोठं आहे.

कोल्हापूरचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चांगला, म्हणून इथे ऊसही महाग पडतो. 2024-25 ला 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 340 रुपये होते आणि पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. 12 टक्के उतारा धरलास तर टनाला सुमारे 3,980 रुपये होतात, तोडणी-वाहतूक त्यातच. मूळ एफआरपी 2022-23 ला 305 होती. या काळात रसाच्या इथेनॉलचा दर मात्र 65.61 वरच थांबला. दोन्ही दर दिल्लीत ठरतात, पण एक वाढला म्हणून दुसरा वाढेलच असं नाही. आणखी एक चूक हमखास होते. बी-हेवी मळी, म्हणजे बरीच साखर शिल्लक असलेली मधल्या टप्प्याची मळी, इथेनॉलकडे वळवली की साखरेचा उतारा दिसायला दीडेक टक्का घटतो. तो एफआरपीच्या हिशेबात परत धरावा लागतो. अहवालात तो धरला नसेल तर ऊस स्वस्त दिसेल आणि बिलं काढताना तिजोरी अपुरी पडेल.

आता 2023 कडे बघ. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी धास्ती वाटली, आणि 7 डिसेंबरला, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठ दिवसांनी देशभरात मिळून 17 लाख टन साखर वळवायची मुभा मिळाली. पूर्ण मोकळीक यायला 29 ऑगस्ट 2024 उजाडलं. व्याज-सवलतीच्या योजनेतून कर्ज काढून उभारलेल्या टाक्या त्या काळात रिकाम्या राहिल्या, हप्ते मात्र चालूच होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं लक्ष्य सोडायचं नव्हतं, म्हणून मक्याच्या इथेनॉलला 71.86 रुपये दर मिळाला. लगेच मका महागला आणि कोंबडीखाद्यवाल्यांची ओरड सुरू झाली. साखरेचा भाव सांभाळायला काढलेला आदेश असा मक्याच्या बाजारात जाऊन पोचला.

म्हणून डिस्टिलरी दोन्ही कच्च्या मालावर चालणारी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. किण्वन टाक्या, ऊर्ध्वपातन आणि पाणी काढायचा मॉलिक्युलर सिव्ह दोन्हींना चालतात. मक्याला वेगळं लागतं ते सायलो म्हणजे धान्याची कोठी, दळण, पिठूळ लगदा शिजवून एन्झाइमने साखर करायचा विभाग, चोथा वेगळा करणारा डिकँटर आणि ड्रायर. आज पैसे नसतील तर निदान जागा, पाया आणि वाफेच्या पाइपची जोडणी राखून ठेव. पण मक्याचाही ताळा घाल. क्विंटलला 38 लिटर निघतात. मका 2,225 ला मिळाला तर लिटरमागे 58.55 रुपये कच्च्या मालाचे, 2,600 झाला तर 68 च्या वर. उरलेल्या तीन-साडेतीन रुपयांत वाफ, वीज, एन्झाइम, व्याज बसत नाही. ड्रायरमधून निघणारा पेंडीसारखा चोथा विकला जातो, तेवढाच आधार.

सांडपाण्यावर कंजूषपणा करू नकोस. मळीवर चालताना इथेनॉलच्या लिटरमागे 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर उरणारं सांडपाणी, निघतो. रोज 60 हजार लिटरच्या डिस्टिलरीत पाच-सात लाख लिटर. बाहेर थेंबही सोडायचा नाही, हा नियम. म्हणून तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातल्या पोटॅशमुळे नळ्यांवर थर बसतो आणि सफाईला बॉयलर बंद ठेवावा लागतो. अहवालात वर्षाचे 330 दिवस धरले असतील तर सफाईचे दिवस कुठे गेले ते विचार. त्या दिवसांत डिस्टिलरी थांबवली नाही तर ते पाणी ओढ्यातून पंचगंगेत जाईल, आणि नदीकाठची गावं तेच पाणी पितात.

उत्पन्नाचा तक्ता तीन वेळा मांड: साखर 40 ला गेली तर, रसावर बंदी आली तर, मका 2,600 झाला तर. तिन्हींत बँकेचा हप्ता आणि 14 दिवसांचं ऊसबिल निघतं का ते बघ. एका जरी तक्त्यात निघत नसेल, तर क्षमता कमी करून अहवाल परत पाठव. संचालकांच्या बैठकीआधी तुझे आकडे मला पाठव, मी बसून तपासतो.

कळावे, लोभ असावा.