जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकी शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मुलीला नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनच्या एम.डी.ची जागा मिळत आहे. तालुक्याच्या गावी तीन वर्षे काढण्यापेक्षा एक वर्ष पुन्हा अभ्यास करून मुंबई-पुण्याची जागा घ्यावी, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल?
— एक पालक, ठाणे

उत्तर : जागा सोडू नये, असे आमचे मत आहे. हे महाविद्यालय बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी 1974 मध्ये सुरू झाले आणि गेल्या पाच दशकांत तिथे शिकलेले डॉक्टर मराठवाड्यात जागोजागी काम करत आहेत. तरीही केवळ संस्थेच्या वयावरून आम्ही हा सल्ला देत नाही. मेडिसिन हा विषय रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून शिकायचा असतो आणि ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात जे रुग्ण पहिल्या हाताने पाहायला मिळतात, त्यांतले अनेक मोठ्या शहरात पोहोचतात ते चार ठिकाणी उपचार झाल्यावर, आजाराचे मूळ रूप पुसट झाल्यावर. शेतावर साप चावून आलेल्या माणसाचे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष चढले आहे असे धरून प्रतिविष सुरू करायचे, ही चाचणी तिथला रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता वॉर्डात काम करणारा निवासी डॉक्टर, पहिल्याच पावसाळ्यात अंगवळणी पाडून घेतो. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते आणि छातीत घरघर चालू असते. ती घरघर थांबेपर्यंत काही मिनिटांच्या अंतराने अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची मात्रा वाढवत नेण्याचे काम पुस्तकातून येत नाही, त्यासाठी रात्रभर त्या खाटेपाशी थांबावे लागते.

लहान गावात नवे ज्ञान निर्माण होत नाही, हा समजही खरा नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करून, विंचूदंशाने फुप्फुसात पाणी भरून दगावणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांना वाचवू शकते, हे दाखवून दिले. त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापले. मिरजेत तर डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय उभारल्यानंतर रेल्वे जंक्शनच्या त्या गावाकडे कर्नाटकातूनही रुग्णांची रीघ लागली आणि पुढे 1962 मध्ये तिथे शासकीय महाविद्यालयही आले.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. हृदयविकार, मेंदूविकार अशा अतिविशेष शाखांचे विभाग लहान केंद्रांत कमी असतात किंवा नसतातच. मंजूर पदे रिक्त राहणे हा राज्यातील अनेक शासकीय महाविद्यालयांचा जुना आजार आहे, आणि कागदावर भरलेले पदही दरवेळी वॉर्डात दिसतेच असे नाही. म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मुलीने तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटशी बोलावे. युनिटचे प्राध्यापक गावातच राहतात की शनिवारी दुपारी शहराची गाडी पकडतात, रात्री दोन वाजता कॉल केल्यावर वरिष्ठांपैकी कोण येते, किती व्हेंटिलेटर प्रत्यक्ष चालू आहेत, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर गाव लहान असल्याची चिंता करू नये. आणि ती मिळाली नाहीत, तर त्याच कसोटीवर मुंबईची जागाही तपासून घ्यावी, कारण गर्दीच्या मोठ्या रुग्णालयातही पहिल्या वर्षाचा रेसिडेंट कित्येकदा रक्ताचे नमुने पोहोचवण्यातच दिवस घालवतो.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. जिल्हा न सोडता पदव्युत्तर शिक्षण शक्य आहे का?
— एक वैद्यकीय अधिकारी

उत्तर : आपल्या जिल्ह्यात 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा तिथे आपल्या विषयाच्या पदव्युत्तर जागा आहेत का, हे प्रथम पाहावे. दुसरा मार्ग राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा. त्याची डी.एन.बी. ही एम.डी.च्या बरोबरीची पदवी तीन वर्षांची असून भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, कुटुंबवैद्यक अशा मोजक्या विषयांत दोन वर्षांच्या पदविकाही आहेत. या जागा महाविद्यालय नसलेल्या रुग्णालयांनाही मिळतात. प्रवेश मात्र नीट-पीजीच्याच गुणांवर होतो. शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मान्य केला आहे. त्यासाठीच्या सेवाकालाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात आणि ना-हरकत प्रमाणपत्रासाठी जिल्हा परिषदेत अर्ज वेळेआधीच द्यावा, कारण ती फाईल आपल्या गतीने फिरते. विषय निवडण्याची मोकळीक असेल तर भूलशास्त्राचा विचार अवश्य करावा. शस्त्रक्रियागृह आणि सर्जन असूनही केवळ भूलतज्ज्ञ नाही म्हणून अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याहून पुढे पाठवावे लागते, हे आपण पाहिलेच असेल.

प्रश्न : मी पॅथॉलॉजीच्या एम.डी.ला आहे. जिल्हा रुग्णालयातील सक्तीचे तीन महिने माझ्यासारख्याला वाया जाणार नाहीत का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : 2021 च्या तुकडीपासून लागू झालेली ही जिल्हा निवासी योजना सर्वच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आहे आणि आपल्या विषयाला तिचा उपयोग कमी नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण नित्य येतात, रक्तकेंद्राचे काम प्रत्यक्ष हाताळता येते आणि काचपट्टीवरचा निष्कर्ष ज्याच्याविषयी लिहिला तो रुग्ण पलीकडच्या वॉर्डात जाऊन पाहता येतो. अडचण येते ती प्रबंधाची. नमुने गोळा करण्याच्या ऐन काळात हे तीन महिने आले तर खंड पडतो. म्हणून तिसऱ्या, चौथ्या की पाचव्या सत्रात जायचे, हे विभागप्रमुखांची यादी लागण्यापूर्वीच मार्गदर्शकांशी बोलून ठरवून घ्यावे.