पन्हाळ्याला जायला पाऊण तास लागतो: इंग्रजीत 'इन' की 'फॉर'?

या वाक्यात दोन्ही नकोत. 'टेक' आलं की वेळ थेट लिहायची: 'इट टेक्स फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स टु रीच पन्हाळा.' आपल्याकडे 'टेक्स फॉर' सर्रास ऐकू येतं, पण ते चूकच.

खरी गंमत इतर क्रियापदांबरोबर आहे. 'आय वॉक्ड अराउंड रंकाळा फॉर ॲन अवर' म्हणजे तासभर रंकाळ्याभोवती फिरलो. फेरी पुरी झाली की नाही, कोण जाणे. 'फॉर'च्या जागी 'इन' घातलं, की तासात अख्खी फेरी मारून झाली. थोडक्यात, मराठीत '-भर' बसत असेल तर बहुतेक वेळा 'फॉर', आणि काम पुरं व्हायला लागलेला वेळ '-त' लावून सांगत असाल तर 'इन'. म्हणूनच 'आय फिनिश्ड द मिसळ फॉर टेन मिनिट्स' कानाला खटकतं. मिसळ संपवली ना? मग 'इन टेन मिनिट्स'.

भविष्यकाळात मात्र 'इन' फसवं आहे. 'द बस लीव्ह्ज इन टेन मिनिट्स' म्हणजे बस आत्तापासून दहा मिनिटांनी सुटेल. दहा मिनिटांच्या आत कधीही, असं म्हणायचं तर 'विदिन'. इथे 'आफ्टर टेन मिनिट्स' कळतं सगळ्यांना, पण सहज इंग्रजीत 'इन'च येतं.

आणि 'सिन्स टू इयर्स' तेवढं सोडा भावा! आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, त्यांचं नाही: 'फॉर टू इयर्स', पण 'सिन्स २०२२'.