भर समुद्रातील गुप्त संशोधन केंद्राला दहा वर्षांसाठी ५०० कोटी रुपये पुरतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमच्या कादंबरीत भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे १,३०० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, एक गुप्त केंद्र आहे, खोल समुद्रातून वर आणलेला एक धोकादायक जीव तेथे बंदिस्त ठेवून त्याचा अभ्यास केला जातो, माणसे ६०, मुदत १० वर्षे आणि मंजूर रक्कम ५०० कोटी रुपये. ही रक्कम वाचकाला पटेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी कोणत्याही गुप्त केंद्राचे हिशेब लिहिलेले नाहीत. मात्र मुरगाव बंदरात जहाजांना रसद पुरवणाऱ्या एका कंपनीच्या लेखा विभागात मी बावीस वर्षे काढली आहेत, आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या कोणत्याही ठिकाणी पैसा कोठे मुरतो, हे त्या नोकरीत मी पुरेसे पाहिले आहे.

नवख्या माणसाचे अंदाजपत्रक बांधकामापासून सुरू होते. तुम्ही निवडलेल्या जागी समुद्र काही किलोमीटर खोल असल्यामुळे तळावर पाय रोवून उभे राहणारे बांधकाम शक्यच नाही. एखादे जुने जहाज किंवा तरंगता फलाट विकत घेऊन त्यात प्रयोगशाळा बसवावी लागेल. हा भांडवली खर्च डोळ्यांत भरतो, पण तो एकदाच होतो. मी तो तूर्त शून्य धरतो. हे जहाज सरकारला फुकट मिळाले, असे समजा.

आता रोजचा खर्च पाहू. लोकांना पिण्याच्या पाण्याची धास्ती वाटते, पण समुद्राचे पाणी गोडे करायला घनमीटरमागे साधारण चार युनिट वीज लागते आणि साठ माणसांना दिवसाला १२ घनमीटर पाणी पुरते, त्यामुळे हा खर्च किरकोळ आहे. खरी महाग असते ती हवा. बंदिस्त प्रयोगशाळेतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कायम कमी ठेवावा लागतो, म्हणजे गळती झालीच तर हवा आत येते, बाहेर जात नाही. शिवाय तीच हवा पुन्हा न फिरवता, सूक्ष्म गाळण्यांतून काढून सोडून द्यावी लागते आणि तिच्या जागी घेतलेली दमट समुद्री हवा थंड व कोरडी करावी लागते. ही यंत्रणा रात्री बंद करता येत नाही आणि सुटीच्या दिवशीही करता येत नाही. म्हणून केंद्राचा सरासरी वीजभार मी ५०० किलोवॉट धरतो. एका युनिटला पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल लागते, म्हणजे दिवसाला सुमारे ३,२०० लिटर आणि वर्षाला जवळजवळ १२ लाख लिटर. लिटरला ९० रुपये धरले, तर वर्षाला साडेदहा कोटी रुपये झाले, आणि हे डिझेल अजून बंदरातच आहे.

ते तेथवर पोहोचवणारे जहाज हा अंदाजपत्रकातला खरा पांढरा हत्ती आहे. १२ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या वेगाने १,३०० किलोमीटर जायला अडीच दिवस लागतात; जाणे, येणे, भरणे आणि उघड्या समुद्रात माल उतरवणे मिळून एका फेरीला आठ ते दहा दिवस सहज जातात. फेऱ्या महिन्याला दोनच असल्या तरी जहाज वर्षभर तुमच्याच नावावर ठेवावे लागते, कारण गुप्त ठिकाणी दर खेपेला नवे जहाज आणि नवे खलाशी नेता येत नाहीत. दिवसाला आठ लाख रुपये चार्टर, म्हणजे जहाजाचे भाडे धरले, तर वर्षाला २९ कोटी होतात. त्या जहाजाचे स्वतःचे इंधन मी यात धरलेलेच नाही. त्यातून जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ येतो. दोन जहाजे खवळलेल्या समुद्रात शेजारी उभी करून डिझेलची नळी जोडायला कोणताही शहाणा कप्तान तयार होणार नाही, म्हणून मे महिन्यातच चार महिन्यांचा साठा करावा लागतो: पावणेचार ते चार लाख लिटर डिझेल, धान्य, गाळण्या, औषधे, सगळे. आमच्याकडे एकदा चार हजार रुपयांच्या एका पंपाच्या सीलसाठी जहाज पाच दिवस अडकून पडले होते, आणि ते तर किनाऱ्यापासून नजरेच्या टप्प्यात होते.

माणसांची संख्या ६० असली, तरी पगारपत्रकावर निदान १३० नावे लागतील. निम्मे लोक समुद्रावर असताना निम्मे घरी असतात. शिवाय धोकादायक जीवाजवळून परतलेल्या माणसाला काही दिवस विलगीकरणात ठेवावे लागते आणि त्या दिवसांचाही पगार द्यावा लागतो. माणशी वर्षाला सरासरी २० लाख धरले, तर २६ कोटी झाले. या तीन रकमांचीच बेरीज वर्षाला सुमारे ६६ कोटी येते, म्हणजे दहा वर्षांत ६६० कोटी. तुलनेसाठी सांगतो: भारताच्या खोल समुद्र मोहिमेला जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांचा अंदाज होता, आणि त्या मोहिमेला काहीही लपवायचे नव्हते.

लपवण्याचा खर्च हे वेगळेच लेखाशीर्ष आहे. मार्च १९६८ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये बुडालेली के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी सुमारे पाच किलोमीटर खोलीवरून वर काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने 'ग्लोमार एक्सप्लोरर' नावाचे जहाजच बांधून घेतले, आणि उद्योगपती हॉवर्ड ह्यूज समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे काढणार आहेत, अशी बतावणी केली. ती टिकवण्यासाठी खाणकामाचा सगळा देखावा उभा करावा लागला: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. १९७४ च्या उन्हाळ्यात पाणबुडीचा एक भाग वर आला आणि १९७५ च्या आरंभी बातमी फुटली. मला लेखापाल म्हणून सर्वांत आवडलेला भाग पुढचा आहे. लॉस एंजेलिस काउंटीने जहाजावर मालमत्ता कर मागितला, तेव्हा जहाज सरकारचेच आहे आणि म्हणून करमुक्त आहे, हे सांगण्याची वेळ सरकारवर आली. तुम्हाला बतावणी हवीच असेल, तर हेच गोळे उपयोगी पडतील. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ मध्ये 'गवेषणी' जहाजावरून ते खरोखरच वर आणले होते, त्यामुळे भारतीय वाचकाला ही थाप पटेल.

तुमच्या टिपणात मला केंद्र बंद करण्याची तरतूद कोठेच दिसली नाही, आणि ही चूक खऱ्या सरकारांनीही केलेली आहे. मार्शल बेटांतील एनेवेटक प्रवाळद्वीपावर १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेने अणुचाचण्यांमुळे दूषित झालेली माती गोळा केली, १९५८ च्या एका चाचणीने रुनित बेटावर पडलेल्या खड्ड्यात ती भरली आणि त्यावर ४६ सेंटीमीटर जाडीच्या ३५८ काँक्रीट फरशांचा घुमट बांधला. खड्ड्याच्या तळाला मात्र अस्तर घातले नाही, कारण ते खर्चाला परवडणारे नव्हते. तळाचे प्रवाळ सच्छिद्र आहे, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर पाणी आत-बाहेर होते. आणि आतल्या मातीत प्लुटोनियम-२३९ आहे, ज्याचा अर्धायुकाळ सुमारे २४,००० वर्षांचा आहे. याउलट हवाईपासून जवळपास तुमच्या केंद्राइतक्याच अंतरावर असलेल्या जॉन्स्टन बेटावर १९९० ते २००० या काळात रासायनिक शस्त्रे जाळून संपवली गेली, आणि त्यानंतर तो कारखाना निर्धोक करून मोडण्यात आणखी काही वर्षे गेली. तो खर्चही कोणाला तरी मंजूर करावा लागलाच. तुमच्या जीवाला शेवटी मारायचे की दुसरीकडे न्यायचे, हे कथानकात ठरलेले नसले, तरी त्याची रक्कम पहिल्याच वर्षी वेगळी काढून ठेवावी लागेल.

थोडक्यात, रक्कम पटणार नाही. पण ती बदलू नका, असे मी सुचवीन. वर्षाला ६६ कोटी या दराने ५०० कोटी सात वर्षे आणि सात महिने पुरतात. केंद्र ऑक्टोबरमध्ये सुरू झाले असेल, तर पैसे आठव्या वर्षाच्या मे महिन्यात संपतील, म्हणजे नेमके चार महिन्यांचे डिझेल भरून घेण्याच्या वेळी.