सीबीसीवरून लिम्फोमाचं भाकीत?

प्रश्न : वडिलांना पुढच्या टप्प्यातला हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे. हिमोग्लोबिन 10.2, पांढऱ्या पेशी 16,000, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 5 टक्के. आजार हाताबाहेर गेला का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. या टप्प्यासाठी 1998 पासून सात मुद्द्यांचा गुणांक वापरतात. जितके गुण जास्त, तितकी जोखीम जास्त. त्यातले तीन मुद्दे सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीतून येतात : हिमोग्लोबिन 10.5 पेक्षा कमी, पांढऱ्या पेशी 15,000 किंवा जास्त, आणि लिम्फोसाइट 600 पेक्षा कमी किंवा 8 टक्क्यांखाली. 16,000 चे 5 टक्के म्हणजे 800; आकडा 600 च्या वर असला तरी टक्केवारीमुळे गुण लागतोच. म्हणजे तीन, आणि पुरुष असल्याचा चौथा. वय 45 किंवा जास्त, चौथी स्टेज, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 4 पेक्षा कमी, हे उरलेले मुद्दे डॉक्टरांना विचारा.

मात्र रक्त कधी काढलं ते आधी बघा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू असेल तर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) वाढतात, लिम्फोसाइट घटतात. जंतुसंसर्गातही आकडे असेच फिरतात. गुणांकासाठी उपचारांपूर्वीचाच रिपोर्ट धरतात. केमोनंतर पेशी घटतात तो बहुधा औषधाचा परिणाम. त्यावरून गुण मोजत बसू नका. पण तेव्हा ताप आला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.