रावेरच्या केळी व्यापाऱ्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितोय. पायटेस्टमधल्या (पायथन कोड तपासायचं साधन) माझ्याच टेस्ट महिन्याभराने मला कळत नाहीत, काय करू?

एका टेस्टमध्ये एकच नियम तपासा आणि तो टेस्टच्या नावातच लिहा: 'टेस्ट ७' नको, 'वजन शून्य असेल तर हिशोबपट्टी बनत नाही' असं. टेस्ट फसली की पायटेस्ट ते नाव दाखवतं, शिवाय साध्या असर्टमध्येही (अपेक्षा तपासणारी ओळ) दोन्ही बाजूंची मूल्यं, म्हणजे मिळालेलं आणि अपेक्षित, छापतं, त्यामुळे वेगळा संदेश सहसा लागत नाही. आकडे तोंडी हिशोबाचे घ्या. १० क्विंटल, भाव १,५००, तर थेट १५,००० लिहा. अपेक्षित उत्तर कोडच्याच सूत्राने काढलं तर सूत्रातली चूक टेस्टमध्येही उतरते आणि सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसतं. एकच नियम अनेक आकड्यांवर हवा असेल तर पॅरामेट्राइझ वापरा, त्याने एकच टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर चालते. फिक्स्चर (टेस्टआधीची तयारी वेगळी लिहिण्याची सोय) मात्र जपून वापरा, तयारी दुसऱ्या फाईलमध्ये गेली की ती शोधत बसावं लागतं (बहुतेक तुम्हालाच).