गवताचे गठ्ठे बांधायची घाई नको
भाऊ, पहिलंच वर्ष आहे तुझं म्हणून सांगतो, गवत वरून वाळलेलं दिसलं की लगेच गठ्ठे बांधू नकोस. मूठभर घे, काडी पिळून बघ, पेरापाशी ओल लागली तर अजून एक ऊन खाऊ दे, कारण ओलावा २० टक्क्यांच्या वर असला की गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरते, कधीकधी तर अख्खी गंजी पेट घेते. आत हात घालून मी स्वतः चटका खाल्लाय. कापणी फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच कर, उशिराच्या गवतानं जनावराचं पोट भरतं पण अंगावर मांस धरत नाही. आणि कुरणाचे तुकडे पाड, गवत ८-१० सेंटिमीटर उरलं की जनावरं पुढे हलव, बुडापर्यंत खाल्लं तर मुळंच कमजोर होतात रे.